पाहुण्यांचं नेट

माझी आत्या बावीस वर्षं डॉक्टरांचं बोलणं टाइप करत होती. डॉक्टर लोक पेशंट तपासून झाला की एका छोट्या यंत्रात बोलून ठेवतात. काय दिसलं, काय केलं, पुढे काय करायचं. ते ऐकून त्याचा नीट कागद करायचा, हे तिचं काम. कानात हेडफोन, डोळे पडद्यावर आणि पायाखाली पेडल. पेडल दाबलं की डॉक्टर बोलायचा, सोडलं की गप्प बसायचा. "एवढे शिकलेले पुरुष माझ्या पायाच्या तालावर बोलतात, आणखी काय हवं?" असं ती म्हणायची आणि आई कपाळाला आठ्या घालायची.

सुरुवातीला ती हॉस्पिटलमध्येच बसायची. मग हॉस्पिटलने तो विभाग बंद करून काम एका कंपनीला दिलं, कंपनीने ते बायकांच्या घरी पाठवलं, आणि आत्या आमच्या घरातल्या तिच्या छोट्या खोलीत कायमची येऊन बसली. रेकॉर्डिंग नेटवरून यायची, कागद नेटवरूनच जायचे. डॉक्टरांना तिने कधी पाहिलं नव्हतं. पण आवाजावरून प्रत्येकाला नाव होतं. हाडांचा डॉक्टर जेवताना बोलायचा, तो 'घासवाला'. एक बाई डॉक्टर सारखी धापा टाकत बोलायची, ती 'जिनेवाली'. छातीचा डॉक्टर स्वतःच इतका खोकायचा की आत्या म्हणायची, याला कुणीतरी दाखवा रे.

एकदा घासवाल्याने सुरुवातीला डावा गुडघा म्हटलं आणि शेवटी उजवा. आत्याने पेडल मागे घेऊन घेऊन पाच वेळा ऐकलं, मग हॉस्पिटलला फोन लावला. एकाने दुसऱ्याकडे दिलं, दुसऱ्याने तिसऱ्याकडे. शेवटी कुणा नर्सने कागद काढून पाहिला. उजवा होता. "बरं, करा दुरुस्त," म्हणून नर्सने फोन ठेवला. आभार वगैरे काही नाही. त्या दिवसापासून आत्या प्रत्येक रिपोर्टच्या खाली एक ओळ आपल्या मनाने घालायला लागली: 'बाजू पडताळून पाहिली.' तिला कुणी सांगितलं नव्हतं, आणि कुणी नकोही म्हणालं नव्हतं.

वयाने ती चोपन्न वर्षांची. लग्न केलं नाही. आई-बाबा तिला अजून 'छोटी'च म्हणायचे, कारण बाबांपेक्षा ती सात वर्षांनी लहान. माझा सगळा अभ्यास तिच्या खोलीत, तिच्या पेडलच्या टकटकीत झाला. दहाही बोटांनी, खाली न बघता टाइप करायला मला तिनेच शिकवलं. आज मी ज्या नोकरीवर पोट भरते, तिची पहिली मुलाखत मी तिच्याच खोलीत, तिच्याच नेटवर दिली. कारण घरातलं नेटचं कनेक्शन तिच्या नावावर होतं. तिच्या कामासाठी घेतलेलं, आणि आम्ही सगळ्यांनी वर्षानुवर्षं वापरलेलं. त्याचा पासवर्ड कुणी कुणाला कधी विचारल्याचं मला आठवत नाही.

तिचा एक नियम होता. कानात आलेलं तोंडातून बाहेर काढायचं नाही. समोरच्या इमारतीतल्या माणसाला काय झालंय हे तिला त्याच्या बायकोच्या आधी कळायचं. पण रस्त्यात भेटला की ती त्याला हवापाण्याचंच विचारायची. या नियमाने आमच्या घराचं वाटोळं केलं, असं बाबा म्हणतात.

झालं असं. आजीच्या पोटात दुखत होतं म्हणून तपासण्या केल्या. मंगळवारी सकाळी आत्याच्या कानात जे रेकॉर्डिंग आलं, ते आजीचं होतं. घरच्या माणसाची फाइल आली तर परत पाठवायची, असं कंपनीचं म्हणणं. पण परत पाठवली असती तर आणखी एक दिवस गेला असता. तिने ती टाइप केली, खाली आपली ओळ घातली, पाठवून दिली, आणि स्वयंपाकघरात जाऊन आजीला चहा करून दिला. गुरुवारी डॉक्टरांनी बाबांना बोलावून सांगितलं. बाबा घरी आले, बोलता बोलता त्यांनी आत्याकडे पाहिलं, आणि तिचा चेहरा पाहून थांबले.

"तुला ठाऊक होतं?"

"मंगळवारी आलं होतं कानात," आत्या म्हणाली.

"दोन दिवस? आपल्या आईचं ठाऊक असून दोन दिवस तू मूग गिळून बसलीस?"

"माझ्या तोंडून कळायचं नव्हतं ते, दादा. डॉक्टरांनी सांगायचं असतं."

"ती पेशंट नाही गं, आई आहे आपली!"

त्यानंतर आजी पाच महिने होती. त्या पाच महिन्यांत तिचं अंग पुसण्यापासून भांडं काढण्यापर्यंत सगळं आत्याने केलं. बाबांनी एकदाही नको म्हटलं नाही, आणि एकदाही तिच्याशी धड बोलले नाहीत.

आजी गेली, आणि वर्ष व्हायच्या आत बाबांनी घर विकायचं काढलं. घर दोघांच्या नावावर होतं. वाटणी बरोबर झाली, त्यात मला खोट काढता येणार नाही. बाबांच्या गाठीला आयुष्यभराच्या नोकरीचं साठलेलं होतं, म्हणून आम्ही नव्या इमारतीत सहाव्या मजल्यावर तीन खोल्यांत गेलो. आत्या दोन गल्ल्या पलीकडे, तळमजल्यावर मागच्या बाजूच्या एका खोलीत गेली. तिच्या खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसायची, आणि हात लांब केला तर लागायचीही. "देखावा नाही, पण सोबत आहे," ती म्हणाली.

कंपनीतल्या सुपरवायझरला तिने महिनाभर आधीच शब्द दिला होता की घर बदलताना एक दिवसही काम अडणार नाही. रेकॉर्डिंग आलं की चोवीस तासांत कागद परत गेला पाहिजे, असा त्यांचा नियम, आणि बावीस वर्षांत तिचा एकही कागद उशिरा गेला नव्हता. याचा तिला गर्व होता, नाही असं नाही. दुसऱ्या टायपिस्टना उशीर झाला की ती नाक मुरडायची. नेट नव्या जागी हलवायचा अर्जही तिने वीस दिवस आधी दिला. काउंटरवरचा माणूस म्हणाला, "मॅडम, दोन दिवसांचं काम आहे. निश्चिंत राहा."

सामान हललं. दोन दिवसांनी लाइनमन आला, जिन्याखालची पेटी न उघडताच तिच्यावर टॉर्च मारला आणि म्हणाला, "बॉक्स भरलाय. नवीन बसवावा लागेल. वर कळवतो."

"वर म्हणजे कुठे?"

"वर," तो म्हणाला आणि सायकल काढून गेला.

मग आत्याने ग्राहक सेवेला फोन लावायला सुरुवात केली. एक दिवस मी तिच्याकडे बसले होते, तिने फोन स्पीकरवर टाकला होता.

"मॅडम, तुमची तक्रार नोंदवून घेतली आहे," पलीकडची मुलगी म्हणाली.

"परवाही नोंदवली होती."

"हो मॅडम. ती बंद करून ही नवीन उघडली. आता आजपासून सात दिवस धरायचे."

"मग परवाचे दिवस कुठे गेले?"

"ते त्या तक्रारीत होते, मॅडम. ती बंद झाली ना."

"म्हणजे मी जितक्या वेळा विचारीन, तितकी मी मागे जाणार?"

"तसं नाही, मॅडम. पण... हो."

आत्या हसली. तेव्हा ती अजून हसत होती.

तोवर काम तर थांबवता येत नव्हतं. पहिले काही दिवस तिने फोनमधल्या नेटवर काढले. पण तळमजल्यावर, दोन भिंतींच्या मध्ये, फोनला रेंज येणार कुठून? अख्ख्या खोलीत फक्त बाथरूमच्या खिडकीत दोन काड्या यायच्या. आत्याने फोन प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्या खिडकीच्या गजाला बांधला. बाथरूमच्या दारात स्टूल, स्टुलावर लॅपटॉप, पायाखालचं पेडल ओल्या लादीवर. दहा मिनिटांचं रेकॉर्डिंग उतरायला पाऊण तास लागायचा. दुपारपर्यंत त्या दिवसाचं नेट संपून जायचं, आणि कागद तसेच पडून राहायचे. पहिल्यांदा तिचा रिपोर्ट उशिरा गेला तेव्हा तिने सुपरवायझरला स्वतः फोन करून माफी मागितली. दुसऱ्यांदाही मागितली. तिसऱ्यांदा तो म्हणाला, "ताई, दर वेळी फोन नका करू. आम्हाला दिसतं."

शेजारी एक निवृत्त हेडमास्तर राहायचे. त्यांनी आपणहून सांगितलं, "आमच्याकडे बसा, नेट आहे, पंखा आहे, संकोच कसला?" आत्या गेली. हेडमास्तर चहा घेऊन आले, आणि मागे उभे राहून चष्मा पुसता पुसता पडद्यावरचं वाचायला लागले.

"हे आडनाव ओळखीचं वाटतंय. कोपऱ्यावरच्या दुकानाचे मालक तर नव्हेत? काय झालंय त्यांना?"

आत्याने लॅपटॉप मिटला. अर्धा चहा तसाच ठेवून उठली. हेडमास्तरांचा अपमान झाला आणि त्यांनी तो इमारतभर सांगितला. आठवडाही झाला नव्हता तिला त्या इमारतीत येऊन.

मग तिने मला फोन केला. "आठवडाभर तुमच्याकडे बसू का गं? सकाळी नऊ ते दोन. कोपरा मिळाला तरी पुरे."

अडला हरी, म्हणतात ना. बाबांना विचारणं तिला जड होतं, म्हणून तिने मला विचारलं. मी हो म्हटलं. आईला सांगितलं तर ती म्हणाली, "येऊ दे की. मी कुठे नाही म्हणतेय?" आमच्या घरात नाही कधीच कुणी म्हणत नाही.

ती यायला लागली. सोबत लॅपटॉप, हेडफोन, पेडल, पाण्याची बाटली आणि स्वतःचा डबा. जेवणाच्या टेबलाच्या एका कडेला बसायची. पण ज्या घरात तिने आयुष्य काढलं ते हे नव्हतं. आईने मिक्सर लावला की आत्या सवयीने हात वर करायची, थांब म्हणून. जुन्या घरात तो हात चालायचा. इथे आई मिक्सर बंद करायची खरी, पण भांडी आपटायची. बाबा वर्तमानपत्र घेऊन दुसऱ्या खोलीत जायचे. घर फिरलं की वासेही फिरतात, ते मी त्या टेबलाशी पाहिलं.

आणि आता माझं. मी घरूनच काम करते. दिवसभर मीटिंगा असतात. त्या आठवड्यात एक मोठं काम चालू होतं, आणि बोलता बोलता माझा आवाज तुटायचा, चित्र थिजायचं. माझ्या साहेबाने दोनदा विचारलं, "तुमच्याकडे नेटचा काही प्रॉब्लेम आहे का?" आत्याच्या मोठमोठ्या फाइलींमुळे होतंय असं मी ठरवून टाकलं. तपासून पाहिलं नाही. राऊटरच्या ॲपमध्ये पाहुण्यांसाठी वेगळं नेट करून देता येतं. त्याचा वेग बांधून ठेवता येतो, ते कधी चालू आणि कधी बंद हेही ठरवता येतं. दोन मिनिटांचं काम होतं. नाव काय द्यायचं असं त्याने विचारलं, मी 'पाहुणे' असं टाकलं. खरंच सांगते, त्या वेळी मनात काही नव्हतं. ही सबब नाही. मनात काही नव्हतं, हेच तर आहे.

वेळ टाकताना मात्र मनात होतं. आईला एक वाजता टेबल मोकळं हवं असायचं, आणि तोंडाने सांगायला ती कचरत होती. मी नऊ ते एक टाकलं.

दुसऱ्या दिवशी मी आत्याला म्हटलं, "आत्या, पासवर्ड बदललाय गं. हे नवीन नेट जोड."

तिने चष्मा नाकावर सरकवला, पडद्याच्या जवळ वाकली आणि वाचलं, "पाहुणे." मग एक एक अक्षर बघत पासवर्ड टाकला. लग्नाच्या पंगतीत ताट वाढून झाल्यावर कुणी 'तुमची पंगत पुढची' म्हणावं, आणि माणसाने काही न बोलता उठावं, तसा तिचा चेहरा मला दिसला. की मला तो आता तसा आठवतो, कोण जाणे.

एक वाजता नेट गेलं.

"गेलं गं!"

"राऊटरचं तसंच आहे, आत्या. तापतो आणि बंद पडतो. दुपारी चालत नाही."

ती माझ्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "बरं." दुसऱ्या दिवसापासून पाऊण वाजताच ती सामान आवरायला घ्यायची.

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी घासवाल्याचं एक रेकॉर्डिंग आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी खुब्याचं ऑपरेशन होतं, रिपोर्ट संध्याकाळच्या आत हवा, असा वर लाल शेरा. पाहुण्यांच्या नेटवर ती फाइल उतरायलाच साडेअकरा वाजले. आत्याने ती टाइप केली, ताडून पाहिली, ओळ घातली आणि पाठवायला घेतली. कागदासोबत रेकॉर्डिंगही परत पाठवावं लागायचं. एकाला तीन मिनिटं कमी असताना ती पाठवायला लागली. एक वाजता, अर्ध्यातच, नेट बंद पडलं. तिच्या फोनमधलं नेट सकाळी सहापासून बाथरूमच्या खिडकीत बसून संपलेलं होतं.

ती माझ्या दाराशी आली. मी आत मीटिंगमध्ये होते. मला टकटक ऐकू आली. आई बाहेरून म्हणाली, "अगं, ती कामात आहे, नको ना." मी एवढंच करायचं होतं की फोन हातात घेऊन एक बटण सरकवायचं. मी हाताने खूण केली, 'थोड्या वेळाने'. दार बंद होतं, खूण तिला दिसणारच नव्हती.

मग ती बाबांकडे गेली. भिंतीतून मला सगळं ऐकू येत होतं.

"दादा, तुझ्या फोनवरून पाच मिनिटं नेट देशील? उद्या एकाचं ऑपरेशन आहे. कागद अडकलाय."

वर्तमानपत्राचं पान उलटल्याचा आवाज आला. बाबा म्हणाले, "तुला दोन दिवस गप्प बसायची सवय आहे ना, छोटे? बस की अजून."

त्यावर पेडल पिशवीत टाकल्याचा आवाज आला, आणि मग दाराचा. मी मीटिंगमध्ये कुणाला तरी म्हणत होते, "हो, आता आवाज एकदम स्वच्छ येतोय."

पुढचं मला तिनेच नंतर सांगितलं, एका दमात, एखादा रिपोर्ट वाचून दाखवावा तसं.

बाहेरच्या दुकानातून पेशंटचा कागद पाठवायचा नाही, हाही तिचा नियम. म्हणून तिने कागद पेनड्राइव्हवर घेतला, तो मुठीत धरला आणि बस पकडून हॉस्पिटल गाठलं. गेटवरच्या वॉचमनने विचारलं, "कुणाला भेटायचंय? पेशंटचं नाव?" ती म्हणाली, "मी इथलीच." तो म्हणाला, "कार्ड दाखवा." कार्ड नव्हतंच कधी. ओपीडीच्या रांगेत उभी राहून, पेशंट म्हणून कागद काढून ती आत गेली. चौकशीच्या खिडकीतल्या मुलीने पेनड्राइव्हकडे झुरळाकडे बघावं तसं पाहिलं. "हे आम्ही घेत नाही. व्हायरस असतो."

आत्या लिफ्टपाशी उभी राहिली. आता काय करावं हे तिला सुचेना. तेवढ्यात मागून आवाज आला. फोनवर कुणाशी तरी बोलणं चाललं होतं, तोंडात काहीतरी चघळत. चौदा वर्षं तो आवाज तिने रोज ऐकला होता. तिने वळून पाहिलं. तिच्या मनात तो चांगला आडवा, जाडा माणूस होता. हा किरकोळ, टक्कल पडलेला, हातात बिस्किटाचा पुडा.

"डॉक्टर," ती म्हणाली, "उद्या सकाळचं तुमचं खुब्याचं ऑपरेशन. त्याचा रिपोर्ट आणलाय."

"तुम्ही कोण? नातेवाईक?"

"मी तुमचं बोलणं टाइप करते."

"म्हणजे? हे अजून माणसं करतात?" तो खरंच चकित झाला होता. वाईट माणूस नव्हता. त्याने बिस्किटाचा पुडाही पुढे केला. "पण तो रिपोर्ट आला की. साडेबारालाच आलाय. हे बघा."

त्याने फोन तिच्या हातात दिला. तिने तिथेच उभं राहून रिपोर्ट वरपासून खालपर्यंत वाचला. लिफ्ट आली आणि गेली, डॉक्टर घड्याळ बघत राहिला.

"किती चुका होत्या?" मी तिला विचारलं होतं. मला वाटलं होतं, निदान तेवढं तरी तिच्या वाट्याला आलं असेल.

"एकही नाही," आत्या म्हणाली. "सगळं बरोबर. स्वल्पविरामसुद्धा. फक्त माझी ओळ नव्हती. मी डॉक्टरला म्हटलं, खाली बाजू पडताळल्याची ओळ असते, ती यात नाही. तो म्हणाला, कुठली ओळ? मी कधी पाहिली नाही."

तिने फोन परत दिला, आणि पेनड्राइव्ह पर्समध्ये टाकून बसने घरी आली.

तिथून तिने सुपरवायझरला फोन लावला. तो ओशाळला, पण बोलला सरळ. कंपनी बरेच दिवस एक मशीन आणायच्या विचारात होती, जे ऐकतं आणि स्वतःच लिहितं. चाचणी घ्यायची होती, आणि चाचणीला खऱ्या फाइली हव्या होत्या. "बाकीच्या सगळ्यांच्या फाइली वेळेवर जात होत्या, ताई. अडकलेल्या तुमच्याच होत्या. म्हणून तुमच्या लावल्या. दुसऱ्या कुणाच्या लावणार?"

चाचणी चांगली झाली. महिन्याभरात कंपनीने सगळ्या टायपिस्टना कळवलं की आता टाइप करायचं नाही, मशीनने लिहिलेलं नुसतं तपासायचं. आणखी चार महिन्यांनी तपासायलाही कुणी नको झालं. अकराजणी होत्या. त्यातली एक, जिच्याशी आत्या वीस वर्षं फोनवर बोलायची, तिने फोन करून सुनावलं, "तुझ्या एकटीच्या नेटपायी आमच्या सगळ्यांच्या पोटावर पाय आला." आत्याने वाद घातला नाही. मशीन आज ना उद्या आलंच असतं, हे दोघींनाही कळत होतं. पण ज्याला राग काढायचा असतो त्याला समोर माणूस लागतो, मशीनवर कोण ओरडणार?

आत्याचं नेट घर बदलल्यापासून एकोणिसाव्या दिवशी आलं. वेगळाच लाइनमन आला. त्याने जिन्याखालची पेटी उघडली आणि म्हणाला, "भरलाय कोण म्हणालं? चार जागा रिकाम्या आहेत की इथे." दहा मिनिटांत वायर जोडून, सही घेऊन तो गेला. सही करताना आत्याने विचारलं, "आधीच्या माणसाने उघडून का नाही पाहिलं?" तो म्हणाला, "किल्ली नसेल त्याच्याकडे. लाजला असेल सांगायला."

काम गेल्यावर ती एका तपासणी लॅबच्या काउंटरवर लागली. येणाऱ्याचं नाव लिहायचं, रक्त द्यायला आत पाठवायचं, दुपारी रिपोर्टची पाकिटं द्यायची. सकाळी सात ते तीन, उभ्याने. बोटं जितकी चालायची तितके पाय चालत नाहीत. पोटऱ्यांना पट्टे बांधते. तिथे सगळी तिला 'मावशी' म्हणतात. तिला ते आवडत नाही, आणि ती त्यांना तसं सांगते.

आमच्या सहाव्या मजल्यावर ती पुन्हा आली नाही. बाबा म्हणतात, "आम्ही कुठे येऊ नको म्हटलं?" आई म्हणते, "मानी आहे पहिल्यापासून." दोन्ही खरं आहे, आणि दोन्हीचा काही उपयोग नाही.

मागच्या महिन्यात मी एका रविवारी तिच्याकडे गेले. जाताना ठरवून गेले होते. तिने चहा टाकला, मी स्टुलावर बसले, आणि सांगून टाकलं. राऊटर तापत नव्हता, वेळ मी लावली होती, आणि त्या दिवशी दारावरची टकटक मी ऐकली होती.

आत्याने गॅस बारीक केला. "राऊटर रोज बरोबर एकाच्या ठोक्याला तापत नसतो," ती म्हणाली. "मला पहिल्या दिवशीच कळलं. इतकी वर्षं कानानेच पोट भरलं मी. खोटं बोलताना माणसाचा आवाज कुठे चढतो ते मला शिकवतेस?"

"मग बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? नेट तुझं, टेबल वहिनीचं."

मला रडायला आलं. मला वाटलं ती जवळ घेईल. लहानपणी मी काही फोडलं, सांडलं, की आधी धपाटा घालायची आणि मग जवळ घ्यायची. तिने चहा गाळला, कप माझ्यापुढे ठेवला आणि समोर उभी राहिली.

"सांगितलंस, बरं झालं. तुझं ओझं उतरलं. आता माझ्याकडून काय हवंय?"

मी चहा प्यायले. तिने माझ्या नोकरीची चौकशी केली, बाबांच्या रक्तदाबाची केली, आईच्या गुडघ्यांची केली. मग तिला कपडे धुवायचे होते, म्हणून मी निघाले. ती दारापर्यंत आली.

हल्ली आम्ही रस्त्यात भेटतो. लॅबमधून सुटते ती तीनला, मी कधीमधी खाली उतरलेली असते. दोन मिनिटं उभं राहून बोलतो, कसं काय, बरं आहे. बोलणं आहे, जाणं-येणं नाही.